आठ तास घरी एकटा

डोक्याला जबर मार बसला की मेंदू सुजतो, आणि कवटी काही ताणली जात नाही. घोटा मुरगळला तर सुजेला बाहेर यायला जागा असते. मेंदूला ती नसते. आतला दाब वाढत जातो, मेंदूला रक्त पोचेनासं होतं, आणि मूळ माराइतकाच हा दुसरा मार घातक ठरतो. औषधं, गुंगी, व्हेंटिलेटर यांनी दाब उतरला नाही तर शेवटचा उपाय म्हणजे कवटीचा मोठा तुकडा, साधारण बारा बाय पंधरा सेंटिमीटरचा, काढून ठेवणं. आपल्याकडच्या बऱ्याच हॉस्पिटलांत हा तुकडा पेशंटच्याच पोटाच्या कातडीखाली कप्पा करून ठेवतात आणि सूज उतरली, जखम भरली की काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परत डोक्यावर बसवतात. तोवर डोक्याच्या बँडेजवर मार्करने ‘नो बोन’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे कूस बदलताना त्या बाजूवर कुणी भार देऊ नये. शेवटचा उपाय म्हणून केलेल्या या ऑपरेशनने जीव वाचतात, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो वाचलेल्या जिवाचं पुढे काय होतं याचा, आणि ते ‘पुढे’ आधीच ओळखल्याचं समजून ऑपरेशन नाकारावं का, याचा.

या वादाच्या दोन्ही बाजू बहुतेक वेळा एकाच हॉस्पिटलात दोन मजल्यांवर सापडतात. खाली ट्रॉमा आयसीयू, वर पुनर्वसन विभाग. म्हणून इथे दोघांना बोलतं केलं आहे: एक न्यूरोसर्जन आणि एक पुनर्वसनतज्ज्ञ डॉक्टर. माणसं कल्पित आहेत, आकडे मात्र छापील संशोधनातले. मी तटस्थ नाही हे आधीच सांगून टाकतो. मला वरच्या मजल्याची बाजू पटते; पण खालच्या मजल्याच्या आक्षेपांना उत्तर न देता ती पुढे रेटणं ही लबाडी होईल.

सर्जन: मॅडम, तुमच्याकडे पेशंट पोचतो तो वाचलेला. मी त्याला त्याआधी बघतो. दाब उतरला म्हणजे माणूस सुधारणार, असं आम्ही वर्षानुवर्षं धरून चाललो होतो. २०११ साली ‘डेक्रा’ चाचणीने तो समज मोडला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि सौदी अरेबियातले १५५ पेशंट. काहींची कवटी दाब जरा वाढताच उघडली, बाकीच्यांना औषधांवर ठेवलं. ऑपरेशनवाल्यांचा दाब सुरेख उतरला, आयसीयूतले दिवसही कमी झाले. सहा महिन्यांनी मरणारे दोन्हीकडे सारखेच, १९ आणि १८ टक्के. पण एकूण वाईट निकाल ऑपरेशनच्या बाजूला ७० टक्के आणि औषधांच्या बाजूला ५१ टक्के. पुढे २०१६ मध्ये केंब्रिजच्या पीटर हचिन्सन यांच्या गटाने ‘रेस्क्यू आयसीपी’ चाचणीचे निकाल छापले. चारशेवर पेशंट, दाब २५ च्या वर गेलेला, बाकीचे उपाय थकलेले. इथे ऑपरेशनने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, ४८.९ वरून २६.९ टक्के. वाचून आनंद होतो, नाही? आता पुढचं वाचा. सहा महिन्यांनी व्हेजिटेटिव्ह अवस्थेत, म्हणजे डोळे उघडे पण भान नाही अशा स्थितीत, औषधांच्या गटात २.१ टक्के होते आणि ऑपरेशनच्या गटात ८.५ टक्के. त्या गटाने स्वतःच हिशेब मांडला आहे: शंभर ऑपरेशनांमागे बावीस जण जास्त वाचतात, त्यांतले सहा व्हेजिटेटिव्ह, आठ पूर्ण परावलंबी, आणि उरलेले आठ निदान घरातल्या घरात स्वतःचं बघू शकणारे. बावीसांतल्या चौदांना मी मरणातून ओढून कुठे आणून ठेवतो? हा प्रश्न मला रात्री तीन वाजता सही घेताना पडतो, आणि समोर उभ्या असलेल्या भावाला त्यातलं काहीच ठाऊक नसतं.

पुनर्वसनतज्ज्ञ: सर, डेक्रातल्या आकड्याची एक बाजू राहिली. प्रकाश टाकूनही दोन्ही बाहुल्या आकसत नाहीत असे पेशंट ऑपरेशनच्या गटात २७ टक्के होते, दुसऱ्या गटात १२ टक्के. म्हणजे सुरुवातीलाच एका पारड्यात जास्त वाईट पेशंट पडले होते. तो फरक वजा केल्यावर निकालातला फरक ठाम उरला नाही. लवकर, किरकोळ दाबासाठी कवटी उघडू नये इतकं डेक्राने शिकवलं. ते मला मान्य आहे. पण माझं खरं म्हणणं वेगळं आहे. तुम्ही ‘वाईट निकाल’ म्हणालात. वाईट कुठून सुरू होतं, ते कुणी ठरवलं? या सगळ्या चाचण्या ज्या मोजपट्टीवर उभ्या आहेत ती ग्लासगोची. जेनेट आणि बाँड यांनी १९७५ साली केलेली, नंतर वाढवून आठ पायऱ्यांची झालेली. पहिली पायरी मृत्यू, दुसरी व्हेजिटेटिव्ह अवस्था. तिसरी आणि चौथी गंभीर अपंगत्वाच्या, आणि त्या दोघींमधली रेघ एका प्रश्नावर पडते: गरज पडली तर हा माणूस दिवसाचे आठ तास घरी एकटा राहू शकतो का? डेक्राने चांगल्या-वाईटाची रेघ चौथ्या पायरीच्या वर मारली, रेस्क्यू आयसीपीने खाली. घरात एकटं राहता येत असेल पण बाहेर बाजारहाट जमत नसेल, तर तो माणूस एका चाचणीत वाईट निकाल आणि दुसऱ्या चाचणीत चांगला निकाल.

इथे मी थोडा थांबतो, कारण हा मुद्दा दिसतो त्याहून मोठा आहे. रेस्क्यू आयसीपीचेच सहा महिन्यांचे आकडे डेक्राच्या रेघेने मोजले तर चांगल्या निकालाचं प्रमाण ऑपरेशनच्या गटात २७.४ टक्के आणि औषधांच्या गटात २६.६ टक्के येतं, म्हणजे बरोबरी. रेघ एक पायरी खाली आणली की तेच आकडे ४२.८ आणि ३४.६ होतात. पेशंट तेच, जखमा त्याच. रेघ निकालानंतर सरकवलेली नाही, ती आधीच ठरवलेली होती, त्यामुळे चलाखीचा आरोप करता येत नाही. तरी एवढं दिसतं की ‘जगण्याची गुणवत्ता’ म्हणून आपण ज्याच्याकडे बोट दाखवतो तो या चाचण्यांत बराचसा स्वावलंबनाचा हिशेब आहे, आणि स्वावलंबनाची कोणती पायरी जगण्यालायक, हे स्कॅनमधून निघत नाही. एकत्र कुटुंबात, घरात दिवसभर कुणी ना कुणी असणाऱ्या माणसाला आठ तास एकटं राहता येण्याची किंमत वेगळी. वन रूम किचनमध्ये राहणाऱ्या, दोघंही कामावर जाणाऱ्या जोडप्याला वेगळी. मोजपट्टी दोघांना एकाच पायरीवर बसवते. शिवाय सहा महिने हा मुक्काम नव्हे. त्याच चाचणीत वर्षाच्या शेवटी ऑपरेशनच्या गटातले व्हेजिटेटिव्ह ८.५ वरून ६.२ टक्क्यांवर आले आणि पूर्ण बरे झालेले ४ वरून ९.८ वर गेले.

सर्जन: वर्षाने सुधारतात हे खरं. पण त्या वर्षात घरच्यांचं काय होतं? तुमच्याच क्षेत्रातला जुना अभ्यास आहे, १९८६ सालचा, ग्लासगोचाच. गंभीर इजा झालेल्यांच्या नातेवाइकांना पहिल्या वर्षी विचारलं तेव्हा ६० टक्के म्हणाले, स्वभाव बदलला. पाचव्या वर्षी ७४ टक्के. हात-पाय हलायला लागतात, बोलणं येतं, आणि माणूस मात्र चिडका, संशयी, लहान पोरासारखा हट्टी होऊन बसतो. हे ओझं मोजपट्टीत पुरतं धरलेलं नाही. मी नातेवाइकांना ‘वाचेल’ एवढंच सांगितलं तर ती अर्धी गोष्ट झाली.

पुनर्वसनतज्ज्ञ: सांगा ना पूर्ण गोष्ट. पण तिसऱ्या दिवशी ती पूर्ण ठाऊक असल्यासारखी सांगू नका. कॅनडातल्या सहा ट्रॉमा सेंटरांतल्या ७२० गंभीर पेशंटांचा अभ्यास २०११ साली छापला गेला. मृत्यूंपैकी ७० टक्के मृत्यू जीवनाधार काढून घेतल्यावर झाले होते, आणि त्यांतले निम्मे पहिल्या तीन दिवसांत. गंमत म्हणजे हे प्रमाण एका सेंटरमध्ये ४५ टक्के होतं आणि दुसऱ्यात ८७ टक्क्यांच्या आसपास. मेंदू सेंटरागणिक बदलत नाहीत. डॉक्टरांची भाकितं बदलतात. ‘हा काही उठत नाही’ म्हणून आधार काढला की तो उठत नाही, आणि भाकीत खरं ठरल्याची नोंद होते. उलट अमेरिकेतल्या ‘ट्रॅक टीबीआय’ अभ्यासात, २०२१ साली छापलेल्या, दोन आठवड्यांनीही व्हेजिटेटिव्ह असलेल्या पेशंटांचा वर्षभर पाठपुरावा झाला. त्यांतले ७८ टक्के शुद्धीवर आले. चौघांतल्या एकाला आपण कोण, कुठे, आज कोणता वार हे सांगता येऊ लागलं. दोन आठवडे, सर. तुमचा निर्णय दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा असतो.

महाराष्ट्रात हा विषय निघाला की अरुणा शानबाग यांचं नाव निघतंच. केईएममधल्या या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ ला हल्ला झाला, आणि पुढे बेचाळीस वर्षं तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या प्रकरणात निर्णय देताना या शुश्रूषेची मुद्दाम दखल घेतली. पण मराठी वाचकाच्या मनात ‘कोमा’चं जे चित्र आहे ते याच एका प्रकरणातून आलेलं आहे, आणि वैद्यकीय दृष्ट्या ते इथे दिशाभूल करणारं आहे. त्यांच्या गळ्याला साखळी आवळली गेली होती, मेंदूचा प्राणवायू तुटला होता. प्राणवायू तुटून झालेली इजा आणि मार बसून झालेली इजा यांच्या वाटा वेगळ्या. अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने १९९४ साली एकत्र केलेल्या आकड्यांत, महिनाभर व्हेजिटेटिव्ह राहिलेल्या प्रौढांपैकी मार बसलेले ५२ टक्के वर्षाच्या आत शुद्धीवर आले. बाकीच्या कारणांनी त्या अवस्थेत गेलेले फक्त १५ टक्के. भान नाही असं दिसतं तिथेही ते नसतंच असं नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, सांगितलेलं काहीच न करणाऱ्या २४१ पेशंटांपैकी ६० जणांच्या मेंदूने एमआरआय किंवा ईईजीवर सूचना पाळल्याचं दिसलं. दर चौघांत एक. आयसीयूच्या राउंडला पायाच्या अंगठ्याला चिमटा काढून ‘रिस्पॉन्स नाही’ असं लिहिण्याच्या रोजच्या पद्धतीसमोर हा आकडा ठेवून पाहावा.

सर्जन: ठीक, भाकीत कच्चं आहे. पण मग गुणवत्ता ठरवायची कुणी? तुमचे लोक म्हणतात, पेशंटलाच विचारा. तुमची ती ‘क्वॉलिब्री’ प्रश्नावली, सदतीस प्रश्नांची. ज्याला स्वतःत झालेला बदल कळतच नाही, त्याच्या ‘मी समाधानी आहे’ला किती किंमत द्यायची? आणि ज्याला बोलताच येत नाही तो तर प्रश्नावलीत येतच नाही. तुमच्या समाधानी माणसांच्या यादीतून सगळ्यात दुःखी माणसं आपोआप गळतात.

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. कपाळामागच्या भागाला इजा झाली की स्वतःची पारख बिघडते, हे कुणी नाकारत नाही. उलट दिशेचा पुरावाही आहे: १९९९ साली अल्ब्रेख्त आणि डेव्हलिगर या संशोधकांनी गंभीर अपंगत्व असलेल्या माणसांशी बोलून पाहिलं, तेव्हा निम्म्याहून जास्त जणांनी आपलं जगणं चांगलं किंवा उत्तम असल्याचं सांगितलं. बाहेरच्याला ते दिसत नाही. पण त्यांत मेंदूची इजा झालेलेच सगळे नव्हते, त्यामुळे हा पुरावा इथे जपूनच वापरायला हवा. मला निर्णायक वाटतो तो तिसराच अभ्यास. सिएटलमध्ये मेंदूला इजा झालेल्या ५५९ जणांचा वर्षभर पाठपुरावा करून २०१० साली निष्कर्ष छापले गेले. त्यांतल्या ५३ टक्क्यांना वर्षाच्या आत मोठं नैराश्य आलं, आणि त्यांच्यापैकी उपचार मिळाले ते जेमतेम ४४ टक्क्यांना. हे अमेरिकेतल्या मोठ्या ट्रॉमा सेंटरचे पेशंट आहेत. म्हणजे आपण ज्याला ‘खालावलेली गुणवत्ता’ म्हणतो, तिचा बराच मोठा भाग मेंदूतली जखम नसून तिच्यावर साचलेलं नैराश्य आहे. त्यावर गोळी आहे, समुपदेशन आहे, आणि ते दिलं गेलेलं नाही. ते न देता गुणवत्ता मोजायची, कमी भरली म्हणायचं, आणि त्या मोजमापाच्या आधारे पुढच्या पेशंटची कवटी उघडू नये असं सुचवायचं, यात गोलमाल आहे. गुणवत्ता ही तिसऱ्या दिवशीच्या सीटी स्कॅनमध्ये दडलेली गोष्ट नाही. ती डिस्चार्जनंतर घडते किंवा घडत नाही. म्हणूनच तिला ऑपरेशन नाकारायचं कारण म्हणून आधी वापरता येत नाही. ऑपरेशन केलं की पुढची दोन वर्षं अंगावर घेतली, एवढाच तिचा अर्थ निघतो.

सर्जन: मॅडम, हे सगळं ऑस्लोला ठीक आहे. आपल्याकडे पुढची दोन वर्षं कोण घेणार अंगावर? २०२२ साली देशात रस्त्यांवर एक लाख अडुसष्ट हजार माणसं मेली. त्याच्या कितीतरी पट डोकी फुटून वाचली असतील. ऑपरेशनला जन आरोग्य योजनेतून पैसे मिळतात. पॅकेज आहे, प्रीऑथ टाकायचं, मंजुरी येते. डिस्चार्ज झाला की पॅकेज संपलं. आठव्या दिवशी पेशंट गावी, आणि फिजिओ करायला घरातली सून.

पुनर्वसनतज्ज्ञ: ऑस्लोचंच सांगते. नादा आंदेलिच यांच्या गटाने २०१२ साली ६१ पेशंटांची तुलना मांडली. काहींचं पुनर्वसन आयसीयूतच सुरू झालं आणि न तुटता चालू राहिलं. बाकीच्यांचं नेहमीप्रमाणे, वाट बघून, तुकड्यातुकड्यांनी. वर्षाने चांगला निकाल पहिल्या गटात ७१ टक्के, दुसऱ्यात ३७. अभ्यास लहान आहे आणि चिठ्ठ्या टाकून वाटणी केलेली नाही, हे मी आधीच मान्य करते. पण तिथल्या खर्चाचा हिशेबही पुढे मांडला गेला, आणि न तुटलेली वाट स्वस्त पडली. सूनबाईचं म्हणाल तर तेही तपासून झालं आहे, आणि आपल्याच देशात. ‘अटेंड’ चाचणी, १४ हॉस्पिटलं, साडेबाराशे पक्षाघाताचे पेशंट. एका गटात घरच्यांना शिकवून त्यांच्याकडून व्यायाम करून घेतले. २०१७ साली निकाल आला: सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी दोन्ही गटांत ४७ टक्के. काडीचा फरक नाही. तो आजार वेगळा, पण ‘घरचे करतील’ यावर योजना आखू नये एवढं त्यातून नक्की कळतं.

मला अटेंडचा निकाल नेहमी महत्त्वाचा वाटत आला आहे. कुटुंबावर भिस्त ठेवण्याची आपली सवय संस्कृतीच्या नावाखाली खपते, आणि खरं तर ती अंदाजपत्रकाची सोय असते. कुटुंबाची माया खोटी नाही. पण स्मृती गेलेल्या माणसाला दिनक्रम परत शिकवणं, गिळताना ठसका लागू न देणं, संतापाच्या झटक्याला कसं वळवायचं हे ओळखणं, ही कामं आहेत, आणि कामाला प्रशिक्षित माणूस लागतो. कागदावरही हे लोक धूसरच आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार मोजले आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, पार्किन्सन्स आहे, मेंदूला मार लागून आलेलं अपंगत्व स्वतःच्या नावाने नाही. हात-पाय धड असलेला, बोलणारा, पण हिशेब आणि राग दोन्ही हाताबाहेर गेलेला माणूस प्रमाणपत्र घ्यायला गेला की त्याला कोणत्या रकान्यात बसवायचं इथपासून सुरुवात होते.

सर्जन: आणि डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घेतलेला डिस्चार्ज? तुम्ही कॅनडातलं जीवनाधार काढणं सांगितलंत. आपल्याकडे तो शब्द क्वचितच निघतो. पैसे संपले की घरचे ‘घरी नेतो’ म्हणतात, डामाच्या कागदावर सही करतात, आणि ॲम्ब्युलन्समध्ये ट्यूबसकट पेशंट जातो. आमच्या मृत्यूंच्या आकड्यात तो येतसुद्धा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली वैद्यकीय इच्छापत्राची (लिव्हिंग विल) वाट दिली, २०२३ साली ती सोपी केली. पण बाइकवरून पडलेल्या पंचविशीतल्या मुलाने कसलं इच्छापत्र केलेलं असणार?

पुनर्वसनतज्ज्ञ: म्हणून तर ‘करायचं की नाही’ हा एकच प्रश्न एकाच रात्री विचारू नका. घरच्यांना सांगा: आज ऑपरेशन करू, पुढच्या काही आठवड्यांत काय दिसतं ते बघू, आणि अमुक तारखेला परत बसून बोलू. तेव्हा आधार काढायची वेळ आली तर ती उघड, कायद्याने, दुखणं आणि घुसमट कमी करून काढा. डामाच्या कागदाआड नको. आणि अजून एक मागते. सहा महिन्यांनी प्रत्येक पेशंटच्या घरी फोन करा. ग्लासगोच्या पट्टीची मुलाखत फोनवर होते, प्रश्न ठरलेले आहेत. एकटे राहतात का, दुकानात जाऊन पैसे नीट देऊन येतात का, कामावर गेले का, घरात भांडणं वाढली का.

सर्जन: फोन लावला आणि त्याची बायको म्हणाली, दिवसभर भिंतीकडे बघत बसतात, मधेच मुलावर हात उगारतात. मी कुठे पाठवू तिला? विचारायचं आणि पुढे काही द्यायचं नाही, हे जास्त क्रूर.

पुनर्वसनतज्ज्ञ: तालुक्याच्या गावी सांगण्यासारखं फार थोडं आहे, खरं आहे. नैराश्य आहे का ते बघायला जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात पाठवता येईल. एवढं तरी आजही होतं. बाकीचं लिहून ठेवा. पायरी, तारीख, काय मिळालं नाही ते. पॅकेजात पुनर्वसनाचे महिने घाला म्हणून मुंबईला जायची वेळ येईल तेव्हा केंब्रिजचे आणि ऑस्लोचे आकडे दाखवून भागणार नाही, सर. तिथे आपल्या वॉर्डातले लागतील.